संस्कार की सांत्वन? : साने गुरुजींची कथनपरंपरा आणि किशोरवयीनांचे भावविश्व (१९२४–१९५०) – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

साने गुरुजींच्या गोष्टींकडे महाराष्ट्राने प्रामुख्याने ‘संस्कारकथा’ म्हणून पाहिले. प्रस्तुत शोधनिबंधात अमळनेरचे छात्रालय, नाशिकच्या तुरुंगातील लेखन, राष्ट्र सेवा दलाचे कलापथक आणि गुरुजींच्या निधनानंतरची कथामाला या टप्प्यांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, या कथनाचे मूळ बळ उपदेशात नव्हते. सांगणाऱ्याने आपली भीती, चूक, गरिबी आणि वियोग मुलांपुढे उघड करण्यात ते होते. पुढील काळात या परंपरेचा ‘संस्कार’ हा भाग संस्थारूपाने टिकला. ‘सांत्वन’ हा भाग मागे पडला. किशोरवयीनांच्या मानसिक स्वास्थ्याचा प्रश्न आज तीव्र झाला असताना या इतिहासाचे सामर्थ्य व त्याच्या मर्यादा दोन्ही तपासणे आवश्यक आहे.

बीजसंज्ञा : साने गुरुजी, कथाकथन, किशोरवय, भावनिक स्वास्थ्य, छात्रालय, कलापथक, कथामाला.

प्रस्तावना

मुलांना गोष्ट का सांगावी, या प्रश्नाला मराठी समाजाने बहुधा एकच उत्तर दिले आहे – मुलांवर चांगले संस्कार व्हावेत म्हणून. हे उत्तर चुकीचे नाही, परंतु ते अपुरे आहे. बारा ते अठरा या वयातील मुलगा किंवा मुलगी केवळ घडवायचा मातीचा गोळा नसते. घरापासून दूर राहण्याचे दुःख, परिस्थितीची लाज, अपयशाची भीती, आप्तांचा मृत्यू अशा अनेक गोष्टी या वयात मन पोखरत असतात आणि त्या बोलून दाखविण्यासाठी शब्द नसतात. गोष्ट, गाणे, चित्र व नाटक ही माध्यमे असे शब्द पुरवितात. म्हणूनच मुलांच्या भावनिक स्वास्थ्यासाठी कलांचा उपयोग हा विषय आज मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र या दोन्ही शाखांत महत्त्वाचा मानला जातो.

या विषयाची चर्चा बहुधा अलीकडच्या संशोधनापासून सुरू होते. १९८० च्या दशकात मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांनी विकसित केलेली कथनोपचार पद्धती किंवा क्लेशदायक अनुभव लिहून काढण्याविषयीचे जेम्स पेनेबेकर यांचे १९८६ मधील प्रयोग यांचा त्यात उल्लेख होतो. या संशोधनाचे मोल निर्विवाद आहे. तथापि, आपल्याकडे या प्रकारचे काम त्यापूर्वी कोणी केले होते काय, केले असल्यास कोणत्या परिस्थितीत आणि त्याचे पुढे काय झाले, हा इतिहासाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना खानदेशातील एका शाळेच्या छात्रालयापाशी यावे लागते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) साने गुरुजींच्या कथनाचे स्वरूप व ते ज्या संस्थात्मक परिस्थितीत घडले त्याचा मागोवा घेणे.
२) या कथनातील उपदेश व भावनिक आधार या दोन अंगांचा परस्परसंबंध तपासणे.
३) गुरुजींच्या निधनानंतर या परंपरेत झालेल्या बदलाचे आकलन करणे व आजच्या दृष्टीने तिच्या मर्यादा नोंदविणे.

साधने व पद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. गुरुजींचे लेखन व त्यांच्या जीवनाविषयी सर्वज्ञात असलेली माहिती हा अभ्यासाचा मुख्य आधार आहे. ही साधने वापरताना दोन सावधगिरी बाळगणे अगत्याचे वाटते. पहिली म्हणजे, ‘श्यामची आई’ ही आठवणींची पुस्तिका असली तरी ती दस्तऐवज नव्हे. तिच्यात स्मृतीने व प्रेमाने केलेली निवड आहे. दुसरी म्हणजे, गुरुजींविषयीच्या आठवणी बहुतेक त्यांच्या चाहत्यांनी सांगितलेल्या आहेत. ज्या विद्यार्थ्यांना त्यांच्या गोष्टींनी काहीच दिले नाही, ते विद्यार्थी आपल्याशी बोलत नाहीत. त्यामुळे परिणामाविषयी मोठी विधाने करण्यापेक्षा कथनाच्या रीतीविषयी बोलणे अधिक सुरक्षित आहे.

१. पूर्वपीठिका : नीतिकथा आणि ओवी

मराठीतील छापील बालसाहित्याचा आरंभ नीतिबोधातून झाला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इसापच्या कथा मराठीत आणल्या. शालेय पुस्तकांच्या गरजेतून निर्माण झालेल्या या साहित्यात गोष्टीच्या शेवटी तात्पर्य असणे स्वाभाविक होते. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०६ मध्ये, वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ मासिक सुरू केले आणि मुलांच्या वाचनात मनोरंजनाला मानाचे स्थान मिळाले. मात्र बोध व रंजन या दोन टोकांमध्ये मुलाच्या दुःखाला फारशी जागा नव्हती.

ती जागा छापील साहित्याबाहेर होती. पहाटे जात्यावर बसणाऱ्या स्त्रियांच्या ओव्यांत ती होती. लहान वयात लग्न होऊन सासरी आलेली मुलगी आजच्या व्याख्येने किशोरवयीनच होती. माहेरची ओढ, भावाची वाट, सासुरवास हे सारे ती ओवीत घालीत असे. ज्या घरात तिला बोलण्याची मुभा नव्हती, तेथे गाण्याची मुभा होती. श्रावणातील व्रतांच्या कहाण्या, कीर्तन आणि आजीच्या गोष्टी यांतूनही सुखदुःखाला वाट मिळत असे. साने गुरुजींनी पुढे ‘स्त्री जीवन’ या संग्रहात अशा ओव्या एकत्रित केल्या, ही बाब लक्षणीय आहे. त्यांच्या कथनाचे खरे मूळ शाळेच्या नीतिपाठापेक्षा घरातील या सांगण्या-गाण्यात शोधणे अधिक योग्य होय.

२. अमळनेरचे छात्रालय (१९२४–१९३०)

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातल्या पालगड या गावी झाला. खोतीचे घराणे, परंतु वैभव ओसरलेले. कर्ज वाढत गेलेले. शिक्षणासाठी दापोली, औंध व पुणे असा प्रवास करीत असताना, १९१७ मध्ये, त्यांची आई वारली. अखेरच्या भेटीचे भाग्य त्यांना लाभले नाही. शिकण्यासाठी घर सोडलेला, हलाखीची लाज व आईची ओढ एकाच वेळी अनुभवणारा मुलगा ही त्यांची स्वतःची स्थिती होती. पुढील सर्व कथनाचा उगम येथे आहे.

एम. ए. पर्यंतचे शिक्षण पूर्ण करून ते १९२४ मध्ये अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले; हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली गेली. छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आल्यानंतर त्यांच्यातील शिक्षकाला खरे क्षेत्र सापडले. खेड्यापाड्यांतून शिकण्यासाठी आलेली मुले येथे राहत. मुलांच्या खोल्या झाडणे, कपडे धुणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे ही कामे ते स्वतः करीत. छात्रालयात व्यवस्थापक म्हणजे शिस्तीचा अधिकारी, अशी प्रचलित कल्पना असताना त्यांनी तेथे आईची भूमिका स्वीकारली.

या काळातील सर्वांत महत्त्वाचा उपक्रम म्हणजे ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक. गुरुजी ते स्वतःच्या हाताने लिहीत व मुलांना वाचण्यासाठी उपलब्ध करून देत. जगातील घडामोडी, थोरांची चरित्रे, कविता, गोष्टी यांबरोबरच छात्रालयातील रोजच्या जीवनासंबंधीचे विचारही त्यात येत. पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही काढले. एका व्यक्तीने, शिकवण्याचे काम सांभाळून, मूठभर वाचकांसाठी रोज एक पत्र लिहावे, ही घटना शिक्षणाच्या इतिहासात दुर्मीळ आहे.

या दैनिकाचे भावनिक महत्त्व दोन प्रकारे सांगता येईल. एक, ते छापील नव्हते. त्यातील अक्षर मुलांच्या ओळखीच्या माणसाचे होते. घरापासून दूर असलेल्या मुलाला रोज कोणीतरी आपल्यासाठी लिहिते आहे, ही जाणीव मजकुराइतकीच मोलाची होती. दोन, मनातली गोष्ट मांडण्याचा एक तिसरा मार्ग त्याने उपलब्ध केला. किशोरवयीन मुलाला चारचौघांत बोललेले सहन होत नाही, आणि समोरासमोर बसून बोलणेही त्याला अवघड वाटते. लिहिलेला शब्द त्याला एकांतात वाचता येतो, नाकारता येतो आणि हवा तेव्हा पुन्हा जवळ घेता येतो. आजचे समुपदेशक ज्या ‘सुरक्षित अंतरा’चा विचार करतात, ते या साध्या कागदाने साधले होते.

छात्रालयातील या सहजीवनाचे प्रतिबिंब पुढे ‘धडपडणारी मुले’ या कादंबरीत पडले. शीर्षकातील ‘धडपडणारी’ हे विशेषण पुरेसे बोलके आहे. गुणी किंवा आज्ञाधारक मुलांऐवजी पडणारी, चुकणारी आणि तरीही उठू पाहणारी मुले त्यांना कादंबरीचा विषय वाटली.

३. तुरुंगातील कथन : ‘श्यामची आई’ (१९३३)

१९३० मध्ये गुरुजींनी नोकरीचा राजीनामा देऊन सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उडी घेतली. धुळे, त्रिचनापल्ली व नाशिक येथील तुरुंगांत त्यांचा काळ गेला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी दिलेली गीतेवरील प्रवचने गुरुजींनीच टिपून घेतली. म्हणजे ते केवळ सांगणारे नव्हते, एकाग्रतेने ऐकणारेही होते. कथनकाराच्या घडणीत या ऐकण्याला मोठे स्थान आहे.

नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. पुस्तकाची रचना ४२ रात्रींची आहे. आश्रमात सायंप्रार्थना झाल्यावर श्याम आपल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो आणि मित्र ऐकतात, विचारतात, गहिवरतात. ही चौकट केवळ वाङ्मयीन सोय नव्हे. तिच्यात भावनिक कथनाची एक निश्चित रीत दिसते : ठरलेली वेळ, ठरलेली माणसे, दिवसाच्या शेवटची शांतता आणि उद्याही गोष्ट असेल याची खात्री. अस्वस्थ मनाला स्थैर्य देण्यात नियमितपणाचा वाटा किती मोठा असतो, हे घरोघरच्या आज्या जाणून होत्या.

या पुस्तकातील आशयाचे पुनर्वाचन केल्यास दुसरी गोष्ट स्पष्ट होते. त्यातील श्याम हा आदर्श मुलगा नाही. पोहण्याच्या भीतीने तो लपून बसतो. मोठे होण्यासाठी पुस्तके हवीत, या ओढीने तो चोरी करतो. तो रुसतो, हट्ट धरतो, आईला दुखावतो. त्याच्या घरावर कर्ज आहे. सावकाराकडील माणूस दारात येऊन आईला टोचून बोलतो. धाकटा भाऊ यशवंत दगावतो. शेवटी आई जाते, तेव्हा श्याम तिच्याजवळ नसतो. याच श्यामने खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावाला कोट शिवून दिलेला आहे, हेही आपल्याला कळते. चूक आणि चांगुलपणा एकाच मुलात राहू शकतात, ही गोष्ट किशोरवयीन वाचकाला मोठा धीर देणारी आहे. चूक केलेले मूल बहुधा स्वतःला ‘वाईट मुलगा’ समजू लागते. श्यामची गोष्ट त्याला त्या शिक्क्यातून बाहेर काढते.

येथे हेही लक्षात घ्यावे की सांगणारा मोठा माणूस आहे आणि तो स्वतःच्या लाजिरवाण्या आठवणी सांगतो आहे. नीतिकथेत चुकणारा कोल्हा असतो किंवा दुसऱ्याच्या घरचा आळशी मुलगा. येथे चुकणारा स्वतः गुरू आहे. या कबुलीमुळे ऐकणाऱ्याच्या मनातील कुलूप निघते. तुरुंगातील परिस्थितीचा विचार केल्यास या कथनाला आणखी एक परिमाण लाभते. घरापासून तोडलेल्या, अनिश्चित भविष्य असलेल्या माणसाने आईची आठवण काढीत लिहिलेले हे पुस्तक आहे. ते लिहिताना सांत्वन केवळ वाचकाचे होत नव्हते.

तथापि, या पुस्तकातील सर्वच गोष्टी आज जशाच्या तशा स्वीकारता येणार नाहीत. पोहायला जावे म्हणून आई श्यामला मारते. मारामागे माया आहे, हे पुस्तक आपल्याला पटवून देते. परंतु माया असली तरी मार मुलाच्या मनावर काय करतो, याविषयी आजचे ज्ञान वेगळे सांगते. त्याचप्रमाणे आईच्या सोशीकपणाचा गौरव करताना तिचे स्वतःचे दुःख कोणी ऐकले, हा प्रश्न पुस्तकात अनुत्तरित राहतो. छात्रालयातील श्रोते मुलगे होते, हेही विसरता येत नाही.

४. समकालीन प्रयोग : भावनगर ते बोर्डी

गुरुजींचा प्रयत्न एकाकी नव्हता. याच काळात गुजरातेतील भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी दक्षिणामूर्ती संस्थेच्या बालमंदिरात १९२० पासून शिक्षणाचे नवे प्रयोग आरंभिले होते. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षक गोंगाट करणारा वर्ग ताब्यात घेण्यासाठी छडी न वापरता गोष्ट सांगण्यास आरंभ करतो. ताराबाई मोडक यांनी गिजुभाईंबरोबर काम केले आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. पुढे १९४५ मध्ये बोर्डी येथे व नंतर कोसबाड येथे, अनुताई वाघ यांच्या साथीने, त्यांनी हे काम ग्रामीण व आदिवासी मुलांपर्यंत नेले.

दोन्ही प्रवाहांत भीतीविरहित शिक्षणाचा आग्रह समान आहे. मात्र बालशिक्षणाचा प्रवाह लहान वयाच्या मुलांवर केंद्रित झाला आणि त्याला प्रशिक्षण, साधने, अभ्यासक्रम असा शास्त्रीय पाया मिळाला. गुरुजींचे क्षेत्र त्यापुढील, म्हणजे किशोरवयाचे होते आणि ते सर्वस्वी त्यांच्या व्यक्तित्वावर उभे होते. शिशुवर्गातील शिक्षिकेने मुलांशी कसे वागावे, याची घडी महाराष्ट्रात बसत गेली. किशोरवयीन मुलाच्या मनाशी कसे बोलावे, याची घडी बसली नाही. या उणिवेचे परिणाम आजही जाणवतात.

५. गोष्टीकडून समूहाकडे : कलापथक

४ जून १९४१ रोजी एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दलाची नव्याने बांधणी झाली. साने गुरुजी या संघटनेतील तरुणांचे स्फूर्तिस्थान होते. सेवा दलाच्या कलापथकाने गाणी, पोवाडे, नृत्यनाट्ये व लोकनाट्ये यांच्याद्वारे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत विचार पोहोचविले. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्यासारख्यांनी या पथकाला आकार दिला. निळू फुले, दादा कोंडके, राम नगरकर यांसारखे कलावंत येथूनच पुढे आले.

कलापथकाचा हेतू प्रबोधनाचा होता, मानसोपचाराचा नव्हता. त्याला नंतरचे अर्थ चिकटविणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि, त्याचा एक अनुषंगिक परिणाम नोंदविण्याजोगा आहे. छात्रालयात मुलगा श्रोता होता; कलापथकात तो गाणारा, नाचणारा, बोलणारा झाला. एकट्याच्या मनातली अस्वस्थता सामूहिक तालात मिसळली की तिचे ओझे हलके होते, आणि आपण कोणाच्या तरी उपयोगाचे आहोत ही भावना तरुण मनाला उभे करते. मुलगे आणि मुली एकत्र येऊन कला सादर करतात, ही बाबही त्या काळात लहान नव्हती.

६. निधनानंतर : कथामाला आणि ‘संस्कार’ शब्दाचे वर्चस्व

गुरुजींच्या निधनानंतर प्रकाशभाई मोहाडीकर यांच्या पुढाकाराने साने गुरुजी कथामालेचे कार्य सुरू झाले. ठिकठिकाणच्या शाखांतून शिक्षक व कार्यकर्ते मुलांना विनामूल्य गोष्टी सांगू लागले. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली आणि १९५४ मध्ये, पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत, या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. गुरुजींची गोष्ट घरोघर पोहोचली. कथामालेच्या कार्यकर्त्यांनी गोष्टीची ही ज्योत अत्यंत निष्ठेने तेवत ठेवली, याबद्दल महाराष्ट्राने कृतज्ञ राहिले पाहिजे.

परंतु प्रसाराबरोबर अर्थाचे आकुंचनही झाले. व्यापक समाजाने ‘श्यामची आई’ हे संस्कारांचे पुस्तक म्हणून स्वीकारले. शाळांतून ते बक्षीस म्हणून दिले जाऊ लागले. श्यामची चोरी व भीती मागे पडली, आईची शिकवण पुढे आली. कथाकथन हा शालेय स्पर्धांचा प्रकार बनला. स्पर्धेत उच्चार, हावभाव व पाठांतर यांना गुण असतात. ऐकणाऱ्याच्या मनात काय झाले, याला गुण नसतात. ज्या माध्यमाचा उगम मनमोकळेपणात होता, त्याच माध्यमाने मुलाला चाचणीच्या मंचावर उभे केले. छात्रालयात गोष्ट सांगणारा रात्री आजारी मुलाच्या उशाशीही बसत होता. गोष्ट आणि शुश्रूषा यांची ही जोड नंतरच्या काळात सुटली.

संस्कार व सांत्वन परस्परविरोधी आहेत, असे येथे सुचवावयाचे नाही. गुरुजींच्या ठायी ते एकजीव होते. प्रश्न क्रमाचा आहे. प्रथम मुलाचे दुःख ऐकले जाते, मग त्याच्या मनात चांगुलपणासाठी जागा होते. हा क्रम उलटला की गोष्ट उपदेश होते, आणि उपदेश ऐकण्याची कला मुलांना फार लवकर अवगत होते : ती मान हलवतात आणि मन मिटून घेतात.

७. कथनकाराचे एकाकीपण

या इतिहासातील सर्वांत कठीण भाग टाळून पुढे जाता येत नाही. महात्मा गांधींच्या हत्येनंतर, १९४८ मध्ये, गुरुजींनी २१ दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. पुतणी सुधा हिला लिहिलेली ‘सुंदर पत्रे’ याच अखेरच्या पर्वातील असून त्यांत फुले, पाखरे, पुस्तके आणि माणसे यांविषयीचा ओसंडता आनंद आहे. आणि ११ जून १९५० रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षात, त्यांनी स्वतःच्या हाताने जीवन संपविले.

त्यामागील कारणांचा निश्चय करणे हे प्रस्तुत निबंधाचे प्रयोजन नाही. असा मृत्यू कोणत्याही एका कारणाने समजावून सांगता येत नाही. महाराष्ट्राने या घटनेविषयी बहुधा आदरयुक्त मौन पाळले किंवा तिला आत्मार्पणाची भाषा दिली. दोन्ही प्रतिक्रिया प्रेमातून आल्या, तरी दोन्हींमुळे एक प्रश्न झाकला गेला : हजारो मुलांचे दुःख ज्याने उराशी धरले, त्याचे दुःख धरण्यासाठी कोणती व्यवस्था होती? विद्यार्थी त्यांच्याकडे येत. ते कोणाकडे जात होते? चाहते पुष्कळ असणे आणि आधार असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

यावरून कथनकलेला व्यर्थ ठरविणे अन्यायाचे होईल. मात्र तिची मर्यादा मान्य करावी लागेल. गोष्ट मनाचे दार उघडते. उघडलेल्या दारातून जे बाहेर येते ते सांभाळण्यासाठी माणसे, वेळ आणि प्रसंगी वैद्यकीय उपचारही लागतात. संवेदनशील मनाला कलेने वाचा फुटते, परंतु तीव्र नैराश्यावर कला हा पर्यायी उपचार नव्हे. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तो तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरावे, ही भूमिका आपल्या कायद्याने मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ द्वारे स्वीकारली. १९५० साली अशा भाषेचाही अभाव होता.

८. वर्तमान संदर्भ

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२० मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी ‘मनोदर्पण’ उपक्रम सुरू केला. २०२२ मध्ये ‘टेलि-मानस’ (१४४१६) ही दूरध्वनी सेवा कार्यान्वित झाली. व्यवस्था उभी राहत आहे, ही समाधानाची बाब होय. परंतु दूरध्वनी उचलण्यापूर्वी मुलाला आपल्या अस्वस्थतेचे नाव उच्चारता आले पाहिजे. ते धैर्य वर्गात, वसतिगृहात, घरात मिळते.

या दिशेने महाराष्ट्रात झालेला एक प्रयोग उल्लेखनीय आहे. बालनाट्याला आयुष्य वाहिलेले नाटककार रत्नाकर मतकरी (निधन २०२०) यांनी ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ ही संकल्पना पुढे आणली. वस्त्यांतील मुलामुलींनी आपल्याच जगण्यातून नाटिका रचाव्यात व सादर कराव्यात, असे तिचे स्वरूप होते. येथे मोठ्या माणसाने मुलांना गोष्ट सांगण्याऐवजी मुलेच आपली गोष्ट सांगतात. श्यामने आपली गरिबी मित्रांपुढे मांडली, त्या परंपरेचे हे खरे पुढचे पाऊल म्हणावे लागेल.

निष्कर्ष

१) साने गुरुजींच्या कथनाची मुळे नीतिकथेइतकीच, किंबहुना अधिक, ओवी-कहाणीच्या घरगुती परंपरेत आढळतात. म्हणून त्यांत बोधाबरोबर दुःखाला जागा आहे.
२) अमळनेरच्या छात्रालयात गोष्ट, हस्तलिखित दैनिक व प्रत्यक्ष शुश्रूषा यांचा संयोग होता. यांपैकी केवळ गोष्ट वेगळी काढल्यास तिचा भावनिक परिणाम क्षीण होतो.
३) सांगणाऱ्याची प्रामाणिक कबुली व नियमित, निर्भय श्रवण ही या पद्धतीची दोन मुख्य वैशिष्ट्ये होत.
४) निधनोत्तर काळात ‘संस्कार’ या अंगाला प्राधान्य मिळाले आणि कथाकथनाचे स्पर्धेत रूपांतर झाल्याने ऐकण्याचे अंग दुर्लक्षित राहिले.
५) मुलांच्या मनाची काळजी घेणाऱ्या शिक्षक, वसतिगृह अधीक्षक व कार्यकर्ते यांनाही आधाराची व्यवस्था असणे अनिवार्य आहे. एका व्यक्तीच्या त्यागावर उभी असलेली व्यवस्था त्या व्यक्तीवर अन्याय करते आणि तिच्यानंतर टिकत नाही.

समारोप

आज महाराष्ट्रातील असंख्य मुले शिक्षणासाठी घर सोडून आश्रमशाळांत, वसतिगृहांत व शिकवणीच्या शहरांत राहतात. त्यांची परिस्थिती पालगडहून दापोलीला निघालेल्या त्या मुलापेक्षा फार निराळी नाही. संध्याकाळची हजेरी घेऊन झाल्यावर अधीक्षकाने वही मिटावी, मुलांमध्ये बसावे आणि आपल्या लहानपणीची एखादी फजिती सांगावी, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. तात्पर्य सांगण्याची घाई करू नये. गोष्ट संपल्यावर जे मूल उठून न जाता तेथेच रेंगाळते, त्याच्यासाठी थोडा वेळ राखून ठेवावा. अमळनेरच्या छात्रालयाने शिकविले ते इतकेच. आणि तेच आपण अद्याप पुरते शिकलेलो नाही.